अनोळखी रानफुलाचे नाव : टिपकागदापासून छायाचित्रापर्यंत

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या दरम्यान असलेल्या आंबिवलीच्या परिसरात पाऊस स्थिरावला, की रुळांकडेचा भराव, काळू नदीचा काठ आणि पडीक माळ यांवर टाकळा, कुर्डू, तेरडा, कवळा यांची दाटी होते. यांतील बहुतेक झाडे स्थानिकांच्या नित्य परिचयाची असली, तरी एखादे अनोळखी फुलझाड आढळल्यास त्याचे छायाचित्र काढून जाणकारांना नाव विचारण्याची रीत आता रूढ झाली आहे. ही रीत नवी भासली, तरी पश्चिम किनाऱ्यावर चित्राच्या आधारे वनस्पती ओळखण्याची परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे. साधने बदलत गेली, परंतु चित्रात नेमके काय दिसले पाहिजे, हा प्रश्न कायम राहिला.

या परंपरेतील पहिला मोठा ग्रंथ म्हणजे कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ होय. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे 12 खंड छापले गेले आणि त्यातील कोरीव चित्रांवर लॅटिन, मल्याळम व अरबी नावांबरोबर नागरी लिपीतील कोंकणी नावेही देण्यात आली. ही माहिती पुरवणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासह रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्य होते, व त्यांचे 1675 सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात समाविष्ट आहे. म्हणजे आरंभापासूनच चित्रकार, स्थानिक जाणकार आणि ग्रंथकार या तिघांच्या सहकार्यातून वनस्पतीचे नाव निश्चित होत होते.

मुंबई इलाख्यात हे काम प्रामुख्याने हौशी सरकारी नोकरांनी केले. टपाल खात्यातील जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. 1839 मध्ये ते मरण पावल्यावर जोसेफ निम्मो यांनी तिची छपाई पूर्णत्वास नेली. मुलकी सेवेतील जे. एस. लॉ यांचे नाव कंदिलासारख्या फुलांच्या खरपुडीच्या एका जातीला, ‘सिरोपेजिया लॉई’ला, मिळाले. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी बागेचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची जलरंगातील चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, मात्र त्या चित्रकाराचे नाव इतिहासात उरलेले नाही.

तथापि अंतिम पुरावा म्हणून मान्यता मिळाली ती चित्राला नव्हे, तर हर्बेरियमला, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला. फुलाफळांसह तोडलेली फांदी टिपकागदांत दाबून, वाळल्यावर जाड कागदावर चिकटवून, स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी जोडली, की नमुना तयार होतो; त्यात रंग, गंध आणि झाडाची ठेवण हरपते, पण पाकळ्या पुन्हा भिजवून आतील पुंकेसर मोजता येतात. मूळचे अभियंता आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांनी अशा नमुन्यांच्या आधारे मुंबई इलाख्याची वनस्पतिसंपदा 1901 ते 1908 या काळात ग्रंथबद्ध केली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हे या अभ्यासाचे केंद्र बनले आणि तेथील फादर सांतापाव यांचा खंडाळ्यावरील ग्रंथ 1953 मध्ये आला.

अशा ग्रंथांत ओळख-सारणी असते, म्हणजे परस्परविरोधी लक्षणांच्या जोड्यांतून एकेक पर्याय वगळत नावाकडे नेणारी पद्धत. तिच्या वापराचे स्वरूप टाकळ्यावरून स्पष्ट होते. ज्याचा कोवळा पाला पावसाळ्यात भाजीसाठी खुडला जातो, त्या ‘सेन्ना टोरा’च्या संयुक्त पानात खालच्या दोन्ही पर्णिका-जोड्यांमध्ये प्रत्येकी एक बारीक ग्रंथी असते, त्याच्यासारखीच पिवळी फुले येणाऱ्या ‘सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया’त ती केवळ सर्वांत खालच्या जोडीत आढळते. पिवळ्या फुलावर नेम धरून काढलेले छायाचित्र कितीही सुरेख असले, तरी देठालगतची ही ग्रंथी त्यात आली नसेल, तर या दोहोंत निवाडा करणे कठीण जाते.

सारणीलाही मर्यादा असते, कारण समोरची वनस्पती ग्रंथात आहेच, असे ती गृहीत धरते. मूळचे अमेरिकेतील गाजरगवत पुण्यात 1950 च्या दशकात नोंदले गेले, त्यामुळे कुकच्या ग्रंथात ते नाही, आणि केवळ त्या सारणीवर विसंबणारा अभ्यासक भलत्याच नावापाशी पोहोचतो. भराव, बांधकामे आणि उद्यानांतून निसटलेली शोभेची झाडे यांमुळे कल्याण परिसरासारख्या वाढत्या शहरी पट्ट्यात हा धोका अधिक संभवतो.

श्रीकांत इंगळहळीकर यांच्या 2001 मधील ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारख्या सचित्र मार्गदर्शकांनी रंगीत छायाचित्र सामान्य निसर्गप्रेमींच्या हाती दिले, आणि नमुन्यात हरपणारा रंग व झाडाची ठेवण नोंदीत परत आली. संपूर्ण झाड, पानांची मांडणी व मागील बाजू, फुलाचा निदलपुंज म्हणजे पाकळ्यांखालचे हिरवे आवरण, आणि फळ अशी अनेक छायाचित्रे स्थळ-दिनांकासह जपली, तर ती संग्राहकाच्या चिठ्ठीइतकीच उपयुक्त ठरतात. नव्या जातीला नाव देताना मात्र आजही सामान्यतः जतन केलेला नमुनाच आधारभूत मानला जातो. म्हणून छायाचित्राने हर्बेरियमची जागा घेतली असे न म्हणता, पूर्वी मोजक्या अधिकाऱ्यांच्या आणि पाद्री अभ्यासकांच्या हाती असलेली पहिली नोंद त्याने आंबिवलीच्या रहिवाशाच्याही आवाक्यात आणली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.