फ्रील, ब्रायन

(९ जानेवारी १९२९ – २ ऑक्टोबर २०१५). आयरिश नाटककार व कथाकार. आयर्लंडच्या वायव्य टोकाची डॉनेगॉल काउंटी, तिथली पडीक माळराने, पावसाळी खेडी आणि त्या खेड्यांनी सोसलेला इतिहास हा त्याच्या नाटकांचा ऐवज होय. त्याची बहुतेक महत्त्वाची नाटके ‘बॅलीबेग’ या एकाच कल्पित गावात घडतात. नावाचा अर्थ एवढाच : लहान गाव. सोळाव्या शतकाच्या अखेरीचे युद्ध, एकोणिसाव्या शतकातली भूमापन मोहीम, जमीनदारीचा अस्त, अमेरिकेकडे लागलेली तरुणांची रीघ हे सारे त्याने घराच्या उंबऱ्याआत आणून दाखवले.

फ्रीलचा जन्म टायरोन काउंटीतल्या ओमा या गावाजवळ झाला. वडील शाळामास्तर. १९३९ मध्ये कुटुंब डेरी शहरात आले. आजोळ मात्र डॉनेगॉलमधल्या ग्लेन्टीज या गावी होते आणि सुट्ट्या तिथे जात. १९२१ च्या फाळणीने डेरी ब्रिटिश राजवटीत राहिले, तर लगतचे डॉनेगॉल नव्या आयरिश राज्यात गेले. त्यामुळे या मुलाच्या घराच्या आणि आजोळाच्या मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा होती. पुढच्या लेखनातली दोन गावांत, दोन भाषांत आणि दोन निष्ठांत विभागलेली माणसे कुठून आली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मेनूथच्या धर्मविद्यालयात तो पाद्री होण्यासाठी दाखल झाला, पण ते शिक्षण अर्धवट सोडून बेलफास्टला शिक्षक-प्रशिक्षण घेतले आणि १९५० ते १९६० अशी दहा वर्षे डेरीत शिक्षकी केली. त्याच काळात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्याच्या कथा छापून येऊ लागल्या आणि त्या बळावर त्याने नोकरी सोडली. १९६३ मध्ये काही महिने त्याने अमेरिकेत मिनिआपोलिस येथे दिग्दर्शक टायरोन गथ्री याच्या तालमी नुसत्या बसून पाहिल्या. रंगभूमीचे त्याचे खरे शिक्षण तेच.

परतल्यावर लिहिलेले ‘फिलाडेल्फिया, हिअर आय कम!’ हे नाटक १९६४ मध्ये डब्लिनच्या नाट्यमहोत्सवात आले आणि दोन वर्षांनी ब्रॉडवेवर गाजले. बॅलीबेग प्रथम इथे अवतरते. गार ओडॉनेल हा दुकानदाराचा मुलगा उद्या सकाळी अमेरिकेला निघणार आहे. नाटक म्हणजे त्याची गावातली शेवटची रात्र. फ्रीलने या भूमिकेला दोन नट दिले : एक लोकांना दिसणारा गार, दुसरा त्याच्या मनातला, जो सतत बोलत असतो पण इतरांना दिसत वा ऐकू येत नाही. बापलेकांत रोजच्या हिशेबापलीकडे बोलणे नाही. शेवटी गार धीर करून विचारतो, लहानपणी आपण निळ्या होडीत बसून मासे धरायला गेलो होतो, आठवते का? बापाला ती होडी आठवत नाही. गार निघून गेल्यावर बाप मोलकरणीला सांगतो, खलाशी पोशाखातला हा पोर शाळेत जाताना माझा हात धरून चालला होता. तिला तो पोशाख आठवत नाही. दोघांजवळ प्रेमाची एकेक आठवण आहे, पण ती एकमेकांच्या आठवणीशी जुळत नाही. इतिहास कसा लिहिला जातो याविषयीची फ्रीलची पुढची सगळी शंका या प्रसंगात बीजरूपाने आहे.

३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. फ्रील त्या मोर्चात होता. ‘द फ्रीडम ऑफ द सिटी’ (१९७३) या नाटकात अश्रुधुरापासून पळणारे तीन सामान्य मोर्चेकरी डेरीच्या नगरभवनात, महापौरांच्या दालनात शिरतात. बाहेर पडताना मारले जातात. न्यायाधीश, वार्ताहर, पाद्री, शाहीर आणि गरिबीवर व्याख्यान देणारा समाजशास्त्रज्ञ या सर्वांचे त्यांच्याविषयीचे म्हणणे आपण ऐकतो, आणि त्यातले एकही त्या तिघांना लागू पडत नाही. रागाच्या भरात लिहिलेले हे नाटक काहीसे एकांगी झाले आहे. पण बाहेरून येऊन माणसांची नोंद करणारा तज्ज्ञ हे पात्र त्यातून फ्रीलला मिळाले. पुढे ते वेगवेगळ्या वेषात पुन्हा पुन्हा येते. ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट्स’ (१९७९) मध्ये ते बॅलीबेगच्या पडक्या हवेलीतल्या कॅथलिक घराण्याचा अभ्यास करणारा अमेरिकन संशोधक होते.

‘ट्रान्सलेशन्स’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध नाटक. २३ सप्टेंबर १९८० रोजी ते डेरीच्या त्याच नगरभवनात प्रथम झाले. फ्रील आणि नट स्टीफन रे यांनी नुकतीच स्थापलेली ‘फील्ड डे’ ही नाटकमंडळी ते घेऊन आली होती. शहरात धड नाट्यगृहही नव्हते. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांच्या सत्तेचे प्रतीक मानल्या गेलेल्या त्या वास्तूत युनियनवादी महापौरबाईंनीच उभे राहून टाळ्यांना सुरुवात केली.

काळ १८३३ चा. गोठ्यात भरणारी एक शाळा. कॅथलिकांच्या शिक्षणावर एकेकाळी असलेल्या बंदीतून अशा शाळा आयर्लंडभर उगवल्या होत्या. आडोशाला, कुंपणाकडेला त्या भरत. फ्रीलचा खापरपणजाही अशाच शाळेचा मास्तर होता. नाटकातला मास्तर ह्यू दारू पितो आणि लॅटिन-ग्रीक अस्खलित बोलतो. त्याच्या वर्गात व्हर्जिलही वाचला जातो. तेवढ्यात गावात इंग्रज लष्कराची तुकडी येते : भूमापनासाठी, आणि प्रत्येक टेकडी, ओढा, वस्ती यांची आयरिश नावे इंग्रजी वळणाने नोंदवण्यासाठी. ह्यूचा धाकटा मुलगा ओवेन त्यांचा दुभाष्या म्हणून पगारावर आलेला आहे. नाटकातली आयरिश माणसे आयरिश बोलतात असे मानायचे, पण प्रेक्षकांना सगळेच इंग्रजी ऐकू येते. म्हणून लेफ्टनंट योलंड आणि गावातली मॉयरे यांचा प्रेमप्रसंग विलक्षण होतो. दोघांनाही एकमेकांचे बोलणे कळत नाही, आपल्याला दोघांचेही कळते. शेवटी ती दोघे फक्त गावांची नावे आलटूनपालटून उच्चारत जवळ येतात. दुसऱ्या दिवशी योलंड बेपत्ता होतो. कॅप्टन लॅन्सी फर्मान काढतो : तो सापडला नाही तर आधी जनावरे मारू, मग घरे पाडू. वस्त्यांची यादी तो नव्या इंग्रजी नावांनी वाचतो आणि ओवेनला ती एकेक करून जुन्या नावांनी सांगावी लागते. आदल्या अंकात त्यानेच ती नावे बदललेली असतात.

या नाटकामागचा इतिहास खरा आहे. आयर्लंडचे भूमापन १८२४ मध्ये ठरले. स्थानिक कराची आकारणी सारखी व्हावी हा हेतू होता. कर्नल थॉमस कोल्बी प्रमुख होता. एका मैलाला सहा इंच या प्रमाणावर सबंध देशाचे नकाशे १८४६ पर्यंत पुरे झाले. मोहिमेची पायारेषा डेरीजवळच, लॉख फॉइलच्या किनाऱ्यावर आखली गेली. उष्णतेने लांबी न बदलणारी कोल्बीची मोजपट्टी पाहायला भारतातल्या सर्वेक्षणाचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट आयर्लंडला गेला होता आणि १८३० मध्ये तशाच पट्ट्या घेऊन तो भारतात परतला. आपल्याकडच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे धागे असे ‘ट्रान्सलेशन्स’च्या गावाशी जुळतात. भूमापनाचा इतिहासकार जे. एच. अँड्र्यूज याचा ग्रंथ फ्रीलने आधारासाठी वापरला, आणि पुढे खुद्द अँड्र्यूजनेच नाटकातल्या चुका दाखवल्या : भूमापन करणारे सैनिक संगिनी घेऊन गाव पेटवायला येत नसत, लोकांना घराबाहेर काढणे त्यांचे काम नव्हते, आणि जॉन ओडॉनोव्हनसारखे जाणकार गावोगाव फिरून मूळ आयरिश नावे काळजीने टिपून घेत होते. योलंड नावाचा खरा अधिकारीही सुखरूप राहून पुढे मोठ्या पदाला चढला. फ्रीलने या चुका मान्य केल्या, पण नाटक हा इतिहासग्रंथ नव्हे या मतावर तो ठाम राहिला. आयरिश भाषा नकाशाने मारली नाही. इंग्रजी शाळा, व्यापार, स्थलांतर आणि १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ यांनी ती खचली. मात्र हे नाटकातही आहेच. मॉयरेला अमेरिकेला जायचे असल्याने इंग्रजी हवी असते, आणि बटाट्याच्या रोगाच्या गोडसर वासाची भीती पहिल्याच अंकात बोलली जाते. जेत्यांवर सगळा दोष टाकणारे नाटक म्हणून ‘ट्रान्सलेशन्स’ वाचणे हे उथळ वाचन होय.

इतिहासाच्या लेखनाचा प्रश्न त्याने ‘मेकिंग हिस्टरी’ (१९८८) मध्ये थेट घेतला. १६०१ च्या किन्सेलच्या लढाईत हरलेला अल्स्टर प्रांताचा सरदार ह्यू ओनील रोममध्ये परागंदा आहे. आर्चबिशप लॉम्बार्ड त्याचे चरित्र लिहितो आहे. ओनीलला आपली इंग्रज पत्नी मेबल त्या चरित्राच्या केंद्रस्थानी हवी. लॉम्बार्डला राष्ट्राला पुरेसा वीरपुरुष हवा. मेबल प्रत्यक्षात लढाईच्या आधी, १५९५ मध्येच वारली होती. फ्रीलने जाणून तिला जिवंत ठेवले. कल्पना मोठी, पण नाटक चर्चेच्या वजनाखाली दबते.

‘डान्सिंग अ‍ॅट लूनसा’ (१९९०) मध्ये तो ग्लेन्टीजच्या आजोळी परतला. लंडनमध्ये टेम्सकाठी नाटककार टॉमस किलरॉयबरोबर फिरताना रस्त्यावर झोपलेली माणसे पाहून फ्रीलने सांगितले की, आपल्या दोन मावश्या याच शहरात अशाच निराधार अवस्थेत संपल्या. किलरॉय म्हणाला, हे लिही. नाटकात १९३६ च्या ऑगस्टमधल्या पाच अविवाहित बहिणी आहेत आणि त्यांतल्या एकीचा मुलगा मायकेल मोठेपणी ती कथा सांगतो. थोरली केट शाळेत शिकवते. अ‍ॅग्नेस आणि रोझ घरी हातमोजे विणतात. लवकरच यंत्रावरचा कारखाना येऊन ते काम जाणार आहे. घरात नवा रेडिओ आहे, तोही मनाला येईल तेव्हा बंद पडणारा. एका दुपारी तो अचानक वाजू लागतो. मॅगी कणकेने माखलेले हात चेहऱ्यावर फिरवून नाचायला लागते, मग एकेक बहीण सामील होते, सगळ्यांत शेवटी केट. आणि ती एकटी, ओठ मिटून नाचते. लूनसा हा कापणीच्या आरंभीचा, ख्रिस्तपूर्व परंपरेतला सण. युगांडात पंचवीस वर्षे मिशनरी राहून परतलेला भाऊ जॅक तिथल्या कापणीच्या विधींबद्दल आदराने बोलतो, तेव्हा आपल्याच टेकडीवरच्या शेकोट्या या घराला किती परक्या झाल्या आहेत ते जाणवते. या नाटकाला १९९२ चे टोनी पारितोषिक मिळाले. १९९८ मध्ये मेरिल स्ट्रीपची भूमिका असलेला चित्रपट निघाला.

‘फेथ हीलर’ (१९७९) चार एकपात्री कथनांचे. वेल्स-स्कॉटलंडच्या मरू घातलेल्या खेड्यांतून फिरणारा एक हातगुणाचा वैदू, त्याची पत्नी आणि व्यवस्थापक एकच घटना तीन तऱ्हांनी सांगतात; शेवट बॅलीबेगजवळच होतो. न्यूयॉर्कला ते पडले, पुढल्या वर्षी डब्लिनला उभे राहिले. रचनेच्या दृष्टीने हेच त्याचे सर्वश्रेष्ठ नाटक. चेखॉव्हची ‘थ्री सिस्टर्स’ आणि ‘अंकल वान्या’ ही नाटकेही त्याने आयरिश वळणाच्या इंग्रजीत आणली. १९८७ ते १९८९ या काळात तो आयरिश सिनेटचा नियुक्त सदस्य होता.

‘द होम प्लेस’ (२००५) हे त्याचे अखेरचे स्वतंत्र मोठे नाटक १८७८ च्या बॅलीबेगमध्ये घडते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉनेगॉलात लॉर्ड लीट्रिम या जमीनदाराची हत्या झाली होती आणि तशाच खुनाची छाया नाटकावर आहे. भल्या स्वभावाच्या जमीनदाराकडे इंग्लंडहून चुलतभाऊ येतो आणि कुळांना ओळीने उभे करून त्यांची डोकी मोजू लागतो. वंशाचे गुणधर्म आपल्याला कवटीच्या मापात सापडतील अशी त्याची खात्री. कुळे काही काळ निमूट उभी राहतात, मग गावातली तरुण माणसे येऊन मोजमाप थांबवतात. असे कवटीमापन १८९० च्या दशकात अ‍ॅरन बेटांवर खरोखर झाले होते.

जमीन मोजणारा अधिकारी, समाजशास्त्रज्ञ, चरित्रकार, कवटी मोजणारा वैज्ञानिक : गावाला मापात बसवू पाहणाऱ्या या सर्वांना फ्रीलने दुष्ट केले नाही, योलंड तर गावावर जीव लावणारा आहे. त्यांच्या नोंदीतून काय निसटते, एवढे त्याने दाखवले. ग्रामीण जीवनावरच्या नाटकांत गावाची आरती ओवाळण्याचा किंवा त्याची कीव करण्याचा जो दोष सर्रास आढळतो, तो त्याच्यात जवळजवळ नाही.

फ्रील डॉनेगॉलमध्येच ग्रीनकॅसल येथे वारला आणि आजोळी, ग्लेन्टीजला त्याचे दफन झाले. त्याची हस्तलिखिते आणि टिपणे डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्याच्याकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने ‘ट्रान्सलेशन्स’ आधी न घेता ‘फिलाडेल्फिया’पासून सुरुवात करावी, बापलेकांची ती रात्र वाचल्यावर नकाशाचे नाटक अधिक नीट उमगते.