लांब इंग्रजी शब्दांतील उच्चारखंड आणि आघात

कतारमधील बांधकाम, तेल-वायू आणि विमानवाहतूक या क्षेत्रांत मराठी, मल्याळी, फिलिपिनो, अरब आणि ब्रिटिश सहकारी परस्परांशी बहुधा इंग्रजीतच बोलतात. मराठी माणसाचे व्याकरण तेथे सहसा अडत नाही. अडतो तो लांब शब्दांवरील आघात.

एका स्वराभोवती उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा म्हणजे उच्चारखंड. मराठीत आघाताची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत मात्र एक खंड ठळक व लांब होतो आणि उरलेल्यांचे स्वर आक्रसून अस्फुट ‘अ’च्या जवळ जातात. ‘डेव्हलपमेंट’चे चार खंड ‘डि-व्हे-लप्-मंट’ असे असून जोर दुसऱ्यावर पडतो. ‘कमिटी’तही तो दुसऱ्यावरच आहे, मराठीने तो पहिल्यावर आणला आणि मराठी वाक्यात ते शोभतेही.

आघात शोधताना शब्द शेवटाकडून पाहावा. ‘शन’, ‘इक’, ‘इटी’ या प्रत्ययांच्या लगतपूर्व खंडावर तो येतो: ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये ‘स्ट्रे’वर, ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर. त्यामुळे एकाच कुळातील शब्दांतही तो सरकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिला खंड, ‘फोटोग्राफी’त दुसरा, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसरा. ‘इंजिनिअर’मध्ये तो थेट शेवटच्या खंडावर असतो. अपवाद आहेतच, आणि आखातात रोज कानी पडणारा ‘अरेबिक’ त्यांपैकी एक: ‘इक’ असूनही जोर पहिल्या खंडावर, आणि मधला ‘रे’ जवळजवळ ‘र’ होतो.

शब्दकोशातील तोडीच्या खुणांवर मात्र विसंबू नये. त्या ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा हे सांगतात. ‘नॉलेज’ हा शब्द अमेरिकी पद्धतीत ‘एल’नंतर, तर ब्रिटिश पद्धतीत ‘एल’आधी तुटतो; उच्चार तोच राहतो.

चुकीची किंमत अनेकदा आकड्यांत मोजावी लागते. ‘थर्टीन’चा जोर शेवटी, ‘थर्टी’चा आरंभी, तो हुकला की तेराचे तीस होतात. ‘कॉन्ट्रॅक्ट’ नाम असताना पहिल्या, क्रियापद असताना दुसऱ्या खंडावर जोर घेतो. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीतील वैमानिक व हवाई नियंत्रकांना आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या भाषा-कसोटीत किमान चौथी पातळी गाठावी लागते. सहा निकषांपैकी उच्चार हा एक असून त्यात आघातही पाहिला जातो. अंतिम पातळी सर्वांत कमी निकषाची धरली जाते. व्याकरण सहाव्या पातळीचे आणि उच्चार तिसऱ्या पातळीचा असेल, तर निकाल तिसरीचाच लागतो.