दुष्काळातील लेकरे आणि रमाबाईंची प्रार्थना

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोनच ठरीव प्रतिक्रिया उमटतात. एकाच्या लेखी तो भाकरी देऊन धर्म विकत घेणारा सौदागर. दुसऱ्याच्या लेखी तो देवदूत. ज्या लेकराच्या पोटात ती भाकरी गेली त्याचा विचार या दोन्हींत नाही, आणि जिने ती वर्षानुवर्षे वाढली तिच्या मनाचाही नाही. उपाशी, पोरक्या मुलांत रोज राबणारा माणूस आतून कशाच्या बळावर उभा राहतो? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळींचा नाही. वसतिगृहे, बालवाड्या आणि आश्रमशाळा चालविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांचाही तो आहे. म्हणून पंडिता रमाबाईंच्या 'मुक्ती'कडे आपण आपल्या नजरेने पाहिले पाहिजे.

बोदवड हे भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचे गाव. भुसावळ जंक्शन येथून जवळच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली पुण्याकडे आणल्या गेल्या. इटारसीहून पुण्याकडे येणारा लोहमार्ग तेव्हाही भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड असा आपल्या खानदेशातूनच जात होता. या मार्गावरून गेलेल्या त्या हाडांच्या सापळ्यांविषयी मला शाळेत एक ओळही कोणी शिकविली नाही. राजांच्या स्वाऱ्या कोणत्या वाटेने गेल्या हे मात्र तोंडपाठ करून घेतले.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. तीर्थाटन आणि पुराणकथन यांवर हे कुटुंब जगत होते. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि आई-वडील उपासमारीने गेले; पाठोपाठ बहीणही गेली. पुढे या दिवसांविषयी लिहिताना रमाबाईंनी एक कठोर कबुली दिली आहे. भीक मागणे आणि हलके समजले जाणारे काम करणे जातीच्या अभिमानाने अशक्य करून ठेवले होते आणि पोट भरण्याची दुसरी कोणतीही विद्या हाताला नव्हती. वर्णव्यवस्थेने अस्पृश्याला श्रमाखाली गाडले हे आपण जाणतो. तिने ब्राह्मणालाही श्रमापासून तोडून कसे पांगळे केले, याची ही घरातूनच आलेली साक्ष आहे.

तरीही जात एका कबुलीने सुटत नसते. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या शूद्र गणल्या गेलेल्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. दोन वर्षांतच ते वारले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी इथल्या सनातन्यांनी गहजब केला, तर म. फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. परंतु विलायतेतही रमाबाईंचा शाकाहार सुटला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे त्यांच्या सोवळ्याओवळ्याची सोय पाहिली जात होती. धर्म बदलला होता. स्वयंपाकघर अजून बदलायचे होते.

ते दुष्काळाने बदलले. केडगावात आलेल्या मुली कोणत्या जातीच्या आहेत, हे विचारायला सवड नव्हती. १८९९-१९०० च्या दुसऱ्या दुष्काळानंतर 'मुक्ती'तील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना सुरू झाला. जातीच्या अभिमानापायी ज्या घरात काम करता आले नाही म्हणून माणसे मेली, त्या घरच्या मुलीने दोन हजार मुलींच्या हाताला काम दिले. माझ्या मते रमाबाईंची खरी प्रार्थना येथे सुरू होते.

आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला नंतर भेटला, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. हा भेद सेवा करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असा आहे. संस्था, निधी, सल्लागार मंडळ, अहवाल ही धर्माची बाहेरची अंगे. १८९३ साली शारदा सदनातील धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि काही मुलींना पालकांनी काढून नेले. लोकमान्यतेवर उभी असलेली व्यक्ती तेथेच कोसळली असती.

दुसरा प्रसंग १८९७ चा. प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या एका मुलीची सरकारी रुग्णालयात काय गत झाली, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघडपणे लिहिले. गव्हर्नरने आरोप नाकारला; बाई मागे हटल्या नाहीत. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी तोंड मिटले नाही. प्रार्थना माणसाला मवाळ करते, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र आठवावे.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी मुलींना हाक दिली. सुरुवातीला ७० जणी आल्या. जूनपर्यंत मुक्तीत प्रार्थनेची लाटच उसळली. मुली रडत, मोठ्याने एकदम प्रार्थना करीत. गोऱ्यांच्या शिस्तीच्या कानांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो थांबविला नाही. ज्यांना जन्मभर गप्प बसविले गेले होते, त्यांचा तो पहिला मोकळा आवाज होता असे मी समजतो. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मूळावरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते अशाच अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून. छपाईचे काम मुक्तीतल्याच बायकामुलींनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती लेक गेली. तरी काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

इथपर्यंत आदर. आता हिशेब. भुकेने व्याकूळ लेकराने स्वीकारलेला धर्म हा त्याचा निर्णय म्हणता येईल काय? ताटाबरोबर येणारी श्रद्धा नाकारण्याची मोकळीक त्याला किती होती? रमाबाईंचा हेतू निर्मळ होता म्हणून हा प्रश्न संपत नाही. बाबासाहेबांनी मिशनच्या कार्याचे मोल जाणूनही त्यावर नेमके बोट ठेवले आहे. मिशनच्या शाळांचा लाभ वरच्या जातींनी उचलला, धर्मांतरित अस्पृश्याच्या नागरी हक्कांसाठी मिशन झगडले नाही आणि चर्चमध्येही जात टिकून राहिली. बाप्तिस्म्याने आत्मा तारला असेल. पाणवठा खुला झाला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तर ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले. १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला.

मग रमाबाईंकडून काय घ्यायचे? बाबासाहेबांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. तेव्हापासून आपल्या कितीतरी पिढ्या वसतिगृहाच्या ताटावर शिकल्या. मीही त्यांतलाच. तेथे मी दोन प्रकारचे व्यवस्थापक पाहिले. एक मुलांची संख्या आणि अनुदान मोजीत असे. दुसरा रात्री कंदील घेऊन कोण तापाने फणफणला आहे ते पाहत असे. पहिला काही वर्षांत करपून गेला. दुसरा बुद्धवंदना करीत असे, पण आम्हांला जबरदस्तीने उठवीत नसे. आम्ही आपोआप त्याच्या मागे जाऊन बसू लागलो.

सेवेचा आत्मा टिकतो तो असा. आपली जात, आपला मान आणि आपला हिशेब आधी उतरवून ठेवावा लागतो; तेही एकदा नव्हे, रोज. रमाबाईंना त्यासाठी दोन दुष्काळ लागले. आपल्या वसतिगृहात काम करणाऱ्या तरुणाने आज रात्री निजण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: हे लेकरू उद्या माझ्या विचाराचे झाले नाही, तरी मी त्याला तितक्याच मायेने जेवायला वाढीन काय?