आठशे मीटर शर्यत

आठशे मीटर शर्यत : मध्यम पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यतींपैकी ऑलिंपिकमधली सर्वांत छोटी, आणि बहुतेक धावपटूंच्या मते सर्वांत निर्दय शर्यत. चारशे मीटरच्या धावपट्टीला दोन फेरे मारले की ती संपते. जुन्या ब्रिटिश अर्ध्या मैलाची (८८० यार्ड, म्हणजे सुमारे ८०४.७ मीटर) ती दशमान मापातली वारस. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून पुरुषांसाठी ती प्रत्येक ऑलिंपिकमध्ये होत आली आहे. स्त्रियांच्या वाट्याला ती एकदा आली, हिरावून घेतली गेली आणि बत्तीस वर्षांनी परत मिळाली.

आजच्या नियमांप्रमाणे पहिल्या वळणापर्यंत प्रत्येकाने आपापल्या मार्गिकेतून धावायचे असते. वळण संपले की सगळे आतल्या कडेकडे झेपावतात. तिथून कोपर लागणे, बुटाचे खिळे पोटरीला घासणे, चहूबाजूंनी कोंडी होणे हे सारे सुरू होते. शरीराचा हिशेबही अवघड असतो. लागणाऱ्या शक्तीचा मोठा हिस्सा, साधारण दोन तृतीयांश, श्वासातल्या प्राणवायूवर भागतो; उरलेला भाग स्नायूंना उधारीवर काढावा लागतो. ही उधारी दुसऱ्या फेऱ्यात, सहाशे मीटरच्या आसपास, वसूल होऊ लागते आणि पाय शिशासारखे जड होतात. म्हणून वेगवान आठशे मीटरमध्ये पहिला फेरा बहुधा दुसऱ्यापेक्षा जलद असतो. पुढे राहून वारा अंगावर घेत तो फेरा ओढणारा धावपटू शेवटी जिंकेलच असे नाही. या शर्यतीचा सगळा इतिहास ‘पहिला फेरा कोण ओढणार’ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पहिला ऑलिंपिक विजेता एडविन फ्लॅक हा लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून काम करणारा ऑस्ट्रेलियन तरुण. अथेन्सच्या अरुंद वळणांच्या मैदानावर, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावून त्याने २ मिनिटे ११ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याआधी दोनच दिवस तो १५०० मीटर जिंकला होता. सोळा वर्षांनी, १९१२ मध्ये स्टॉकहोमला अमेरिकेच्या टेड मेरेडिथने १ मिनिट ५१.९ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि तो न थांबता अर्धा मैल पुरा करून तिथलाही विक्रम घेऊन गेला. ब्रिटनचा डग्लस लो १९२४ आणि १९२८ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत जिंकला. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला कॅनडाच्या फिल एडवर्ड्‌सने सुसाट सुरुवात केली. टॉम हॅम्पसन या इंग्रज शाळामास्तराने त्याच्या मागे धावण्याचा मोह टाळला, दोन्ही फेरे जवळजवळ सारख्या वेगाने काढले आणि १ मिनिट ४९.७ सेकंदांची नोंद केली. १ मिनिट ५० सेकंदांच्या आत आलेला तो पहिला माणूस.

बर्लिनला १९३६ मध्ये याच्या अगदी उलट घडले. पिट्सबर्ग विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेला कृष्णवर्णीय अमेरिकन जॉन वुड्रफ संथ घोळक्यात असा अडकला की त्याला पुढे जायला वाटच उरली नाही. त्याने पाय जवळजवळ थांबवले, सगळ्यांना पुढे जाऊ दिले आणि बाहेरच्या मार्गिकेतून वळसा घालून शर्यत जिंकली. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत इतका धोका पत्करून जिंकलेले धावपटू फार थोडे.

तीन वर्षांनी जर्मनीच्या रुडॉल्फ हार्बिगने मिलानमध्ये १ मिनिट ४६.६ सेकंदांची वेळ दिली आणि सिडनी वुडरसनचा विक्रम एका फटक्यात १.८ सेकंदांनी मागे टाकला. त्याचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांनी ठरावीक अंतर जोरात धावायचे, नाडी खाली येईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा धावायचे, अशी टप्प्याटप्प्यांच्या सरावाची पद्धत घडवली. जगभरचे मध्यम पल्ल्याचे धावपटू आजही कमीअधिक फरकाने तीच वापरतात. हार्बिग १९४४ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. त्याचा विक्रम मात्र १९५५ पर्यंत टिकला. तो बेल्जियमच्या रॉजर मून्सने ऑस्लोत मोडला.

स्त्रियांच्या शर्यतीची कहाणी वेगळी आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी. २ ऑगस्ट १९२८ रोजी ॲमस्टरडॅममध्ये स्त्रियांची पहिली ऑलिंपिक आठशे मीटर अंतिम शर्यत झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांच्या विश्वविक्रमासह पहिली आली, जपानची किनुए हितोमी दुसरी, स्वीडनची इंगा गेन्ट्‌झेल तिसरी. नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. काही जणी दमून गवतावर बसल्या किंवा आडव्या झाल्या. पुरुषही रोज तेच करत. पण वर्तमानपत्रांनी अकरा जणी धावल्याचे, निम्म्या जणी कोसळल्याचे, स्त्रीदेहाला हे अंतर झेपत नसल्याचे छापले. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने त्यावर विश्वास ठेवून शर्यत काढून टाकली. एका खोट्या बातमीने स्त्रियांच्या दोन पिढ्यांचा हक्क गेला, असेच याचे वर्णन करावे लागते. हितोमी ही ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली जपानी स्त्री. ती वयाच्या चोविसाव्या वर्षी आजारपणात वारली, आणि तो दिवसही २ ऑगस्टच होता, १९३१ चा.

शर्यत परत आली ती १९६० मध्ये रोमला. चार वर्षांनी टोकियोत ब्रिटनच्या ॲन पॅकरने, जिचा मूळ पल्ला चारशे मीटरचा होता, विश्वविक्रमासह सुवर्ण घेतले. याच काळात उत्तर कोरियाची सिन किम दान दोन मिनिटांच्या आत धावत होती. तिच्या देशाने जाकार्ताच्या बंडखोर ‘गानेफो’ स्पर्धेत भाग घेतल्याने त्या वेळा मान्य झाल्या नाहीत आणि टोकियोचे दारही तिला बंद झाले. म्हणून दोन मिनिटांच्या आतला पहिला अधिकृत विक्रम पश्चिम जर्मनीच्या हिल्डेगार्ड फाल्कच्या नावावर लागतो : १९७१, १ मिनिट ५८.५ सेकंद.

पुरुषांत १९४८ आणि १९५२ ही दोन्ही ऑलिंपिके अमेरिकेच्या मॅल व्हिटफील्डची. दोन्ही वेळा त्याची वेळ १ मिनिट ४९.२ सेकंद आणि दोन्ही वेळा जमैकाचा आर्थर विंट दुसरा. त्यानंतर न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकाने सरावाची घडीच बदलली. आठशे मीटरच्या धावपटूलाही ते आठवड्याला शंभर मैल, डोंगररस्त्यांवरून, पळवत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल १९६० मध्ये फारसा कुणाला माहीत नसताना शेवटच्या काही पावलांत मून्सच्या आतल्या बाजूने पुढे सरकला आणि जिंकला. १९६२ मध्ये त्याने क्राइस्टचर्चला गवताच्या धावपट्टीवर १ मिनिट ४४.३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. १९६४ मध्ये टोकियोत त्याने ८०० आणि १५०० मीटर ही दोन्ही सुवर्णपदके मिळवली. त्याच टोकियोत विल्सन किप्रुगुटने आठशे मीटरमध्ये मिळवलेले कांस्य हे केनियाचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक. पुढच्या सहा दशकांची चाहूल त्यातच होती.

म्युनिकला १९७२ मध्ये डोक्यावर टोपी घातलेला डेव्ह वॉटल पहिल्या फेऱ्यात सर्वांच्या मागे होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात एकेकाला गाठत त्याने येव्हेन आर्झानोव्हला ०.०३ सेकंदाने हरवले.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची शर्यत मात्र २५ जुलै १९७६ ची, मॉन्ट्रियलची. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी रग्बी खेळणाऱ्या न्यूझीलंडच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे केनियाचा माइक बॉइट आलाच नव्हता. क्यूबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना हा धिप्पाड, लांब ढांगांचा चारशे मीटरवाला. पोलिश प्रशिक्षकांच्या आग्रहाने तो त्याच वर्षी आठशे मीटरकडे गंभीरपणे वळला होता. बंदूक वाजली आणि आतल्या कडेला येताच पुढे दिसला तो राजस्थानचा, भारतीय सैन्यातला श्रीराम सिंग. इल्यास बाबर यांच्या हाताखाली तयार झालेल्या श्रीरामने मागे वळून न बघता फेरा ओढला. घंटा वाजली तेव्हा घड्याळात ५०.८५ सेकंद होते आणि आघाडीवर श्रीरामच होता. दुसऱ्या फेऱ्यात हुआंतोरेना पुढे गेला आणि १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून थांबला. श्रीराम सातवा आला, पण त्याची वेळ होती १ मिनिट ४५.७७ सेकंद. हा राष्ट्रीय विक्रम बेचाळीस वर्षे टिकला. त्या दिवशीचा विश्वविक्रम हुआंतोरेनाचा होता, हे खरे. पण त्याचा पाया श्रीरामच्या पहिल्या फेऱ्याने घातला, हे त्या शर्यतीची नोंद करताना विसरता येत नाही. चार दिवसांनी हुआंतोरेनाने चारशे मीटरचेही सुवर्ण घेतले.

त्यानंतरची वर्षे ब्रिटनच्या सेबॅस्टियन को आणि स्टीव्ह ओव्हेटची. १९८० मध्ये मॉस्कोत आठशे मीटरचा विश्वविक्रमवीर को चुकीच्या जागी अडकला आणि ओव्हेटने सुवर्ण नेले. सहा दिवसांनी कोने ओव्हेटच्या हक्काच्या मानल्या गेलेल्या १५०० मीटरमध्ये त्याची परतफेड केली. १० जून १९८१ रोजी फ्लॉरेन्सला को १ मिनिट ४१.७३ सेकंदांत धावला. ही वेळ सोळा वर्षे अबाधित राहिली. तरीही आठशे मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण त्याला कधी मिळाले नाही. १९८४ मध्येही ब्राझीलच्या जोआकिम क्रुझमागे त्याला रौप्यावर थांबावे लागले. त्याचा विक्रम १९९७ मध्ये मोडणारा विल्सन किपकेटरही याच दुःखाचा धनी. केनियात जन्मलेला आणि डेन्मार्ककडून धावणारा किपकेटर १९९६ मध्ये जगात अव्वल होता, पण नागरिकत्वाच्या नियमामुळे त्याला अटलांटात उतरता आले नाही. २००० मध्ये सिडनीला तो ०.०६ सेकंदाने हरला आणि २००४ मध्ये त्याच्या हाती कांस्य आले. विक्रमाच्या शर्यतीत पहिला फेरा ओढायला पेसमेकर नेमलेला असतो; ऑलिंपिकमध्ये तो नसतो. या दोन थोर धावपटूंचे विक्रम आणि त्यांचे ऑलिंपिकमधले नशीब यांतला फरक बराचसा यातून समजतो.

डेव्हिड रुडिशाने हा फरकच पुसून टाकला. हा मसाई समाजातला केनियन. त्याचे वडील डॅनियल १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये रिले संघातून रौप्य मिळवलेले. त्याला घडवले ते इतेन या डोंगराळ गावातल्या शाळेत भूगोल शिकवायला आयर्लंडहून आलेल्या ब्रदर कोम ओ’कॉनेल यांनी. ९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये, ज्या ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा अध्यक्ष को होता तिथेच, रुडिशाने दोनशे मीटरच्या आत आघाडी घेतली आणि कुणाच्याही आडोशाशिवाय ती शेवटपर्यंत सोडली नाही. पहिला फेरा ४९.२८ सेकंद. एकूण १ मिनिट ४०.९१ सेकंद. १ मिनिट ४१ सेकंदांच्या आत माणूस प्रथमच आला होता. त्याच्यामागे बोट्सवानाच्या नायजेल एमोसने कोच्या जुन्या विक्रमाइतकीच वेळ दिली. आठव्या, म्हणजे शेवटच्या आलेल्या अँड्र्यू ओसागीची १ मिनिट ४३.७७ सेकंदांची वेळ आधीच्या तिन्ही ऑलिंपिकांत सुवर्ण देऊन गेली असती. पहिला फेरा स्वतः ओढूनही जिंकता येते आणि विश्वविक्रमही करता येतो, हे ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत रुडिशाइतक्या ठळकपणे कुणीच सिद्ध केलेले नाही. आठशे मीटरची सर्वश्रेष्ठ शर्यत म्हणून या शर्यतीचेच नाव घ्यावे लागेल.

रुडिशाने २०१६ मध्ये सुवर्ण राखले. २०२४ मध्ये पॅरिसला वीस वर्षांच्या इमॅन्युएल वान्योन्यीने १ मिनिट ४१.१९ सेकंदांत कॅनडाच्या मार्को अरोपला ०.०१ सेकंदाने मागे टाकले. पुरुष आठशे मीटरचे हे केनियाचे सलग पाचवे सुवर्ण.

स्त्रियांचा विश्वविक्रम मात्र रुडिशाच्या विक्रमाहून फार जुना आहे. चेकोस्लोव्हाकियाची यार्मिला क्रातोख्विलोव्हा २६ जुलै १९८३ रोजी म्युनिकला १ मिनिट ५३.२८ सेकंदांत धावली आणि २०२५ चा हंगाम संपला तेव्हाही तो आकडा कायम होता. त्या काळातल्या पूर्व युरोपीय सरकारी व्यवस्थांवर उत्तेजकांची दाट छाया असल्याने या विक्रमाकडे संशयाने पाहिले जाते. क्रातोख्विलोव्हा स्वतः कधीही चाचणीत दोषी आढळली नाही. नंतरच्या पिढीत मारिया मुतोलाने २००० मध्ये मोझांबिकला पहिले ऑलिंपिक सुवर्ण दिले. २००८ मध्ये अठरा वर्षांची पामेला जेलिमो ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी पहिली केनियन स्त्री ठरली.

दक्षिण आफ्रिकेची कास्टर सेमेन्या २००९ मध्ये विश्वविजेती झाली आणि त्याच दिवसांत तिच्या स्त्रीत्वाची जाहीर चिकित्सा सुरू झाली. नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण जास्त असलेल्या खेळाडूंवर आंतरराष्ट्रीय महासंघाने निर्बंध घातले आणि २०१९ मध्ये क्रीडा लवादाने तिची दाद फेटाळली. असा आघात भारताने तिच्याही आधी पाहिला होता. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचे रौप्य जिंकले आणि लिंगचाचणीनंतर ते तिच्याकडून काढून घेतले गेले. नियम काहीही असोत, गरीब घरातून आलेल्या त्या मुलीची जी जाहीर बदनामी झाली तिचे समर्थन होऊ शकत नाही.

आशियाई पातळीवर भारताची या शर्यतीतली परंपरा दिल्लीतल्या १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेपासूनची; तिथे रणजित सिंगने सुवर्ण जिंकले. श्रीराम सिंग १९७४ आणि १९७८ मध्ये जिंकला, १९७८ मध्ये गीता झुत्शी आणि १९८२ मध्ये चार्ल्स बोरोमिओ. शायनी अब्राहम १९८४ मध्ये ऑलिंपिक उपांत्य शर्यतीत पोचली. सेऊलला १९८६ च्या आशियाई स्पर्धेत मात्र ठरलेल्या रेषेआधीच मार्गिका सोडल्याने ती बाद झाली. पी. टी. उषाची शिष्या टिंटू लुका २०१२ मध्ये उपांत्य शर्यत धावली. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने १ मिनिट ४५.६५ सेकंदांत श्रीरामचा विक्रम मोडला. दोनच महिन्यांनी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मनजीत सिंगने त्याला मागे टाकून सुवर्ण घेतले आणि पहिली दोन्ही पदके भारताकडे आली. ऑलिंपिकची आठशे मीटर अंतिम शर्यत मात्र मॉन्ट्रियलच्या त्या दिवसानंतर एकाही भारतीय धावपटूने, पुरुषाने वा स्त्रीने, गाठलेली नाही.