शीतकपाटाचे घराणे आणि आपला उन्हाळा

फ्रिजच्या दारावरची ताऱ्यांची पट्टी आता डोळ्यांच्या सवयीची झाली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ती २००६ साली ऐच्छिक म्हणून आणली. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना जानेवारी २०१० पासून ती सक्तीची झाली. पट्टीने विजेचा हिशेब मांडला. पेटीच्या घडणीचा प्रश्न मात्र त्याहून बराच जुना आहे.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ मध्ये ‘मॉनिटर टॉप’ हा फ्रिज बाजारात आणला. त्याचा कंप्रेसर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या डोक्यावर होत्या. गरम हवा वर जाते, त्यामुळे पेटीला यंत्राची झळ लागत नसे. दिसायला तो बेढब होता, पण विचार अस्सल होता. पुढे १९३५ मध्ये रेमंड लोवी यांनी सिअर्सच्या ‘कोल्डस्पॉट’ला गुळगुळीत रूप दिले आणि फ्रिज शोभेवर विकला जाऊ लागला. यंत्र तळाशी दडले. आता त्याची ऊब पेटीलाच चाटून वर जाऊ लागली.

भारतात गोदरेजने १९५८ मध्ये पहिला देशी फ्रिज बनवला, तोही जनरल इलेक्ट्रिकच्याच सहकार्याने. घडण अर्थातच तिकडची होती.

आपल्या उन्हाळ्यात या घडणीची किंमत किती, ते साध्या गणिताने कळते. आतले तापमान ४ अंश धरू. स्वयंपाकघर २५ अंशांवर असेल तर फरक २१ अंशांचा. ४० अंशांवर असेल तर ३६ अंशांचा. फरक वाढला की भिंतींतून आत झिरपणारी उष्णता त्या प्रमाणात वाढते, शिवाय तिचा प्रत्येक अंश बाहेर काढण्याचे श्रमही त्याच प्रमाणात वाढतात. म्हणजे आदर्श यंत्रालाही सुमारे तिप्पट काम पडते. ते यंत्र भिंतीला चिकटवून, कोनाड्यात कोंडून ठेवले तर विचारायलाच नको.

उभे दार हा दुसरा दोष. थंड हवा जड असते, दार उघडताच ती खाली सांडते. वरून झाकण उघडणाऱ्या पेटीत ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी टिकते. गोदरेजच्याच ‘छोटूकूल’ने हे झाकण घरगुती वापरासाठी स्वीकारले. कंप्रेसरऐवजी त्यात विद्युतप्रवाहाने थंड होणारी अर्धवाहक चकती होती. झाकण उत्तम, पण चकतीची कार्यक्षमता कंप्रेसरहून कमी; त्यामुळे तो प्रयोग अर्धाच जमला असे मला वाटते. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा मातीचा ‘मिट्टीकूल’ तर विजेशिवाय, पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. सौराष्ट्राच्या कोरड्या हवेत तो शोभतो. कोकणातल्या दमट हवेत त्याची मात्रा फारशी चालणार नाही.

आंतरराष्ट्रीय मानकांत ‘एन’ वर्गाचा फ्रिज भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत चालण्यासाठी घडवलेला असतो. खरेदीच्या वेळी तारे आपण मोजतोच. हे अक्षर विचारणारा ग्राहक मात्र विरळाच.