जांभा, कोळसा आणि वीज : सातारा-सांगलीच्या खनिजांचा इतिहास

महाबळेश्वर, पाचगणी, कास व पाटण येथील पठारांच्या माथ्यावर, बेसॉल्टाच्या थरांवर, जांभ्याचे कवच आहे. दक्षिणेस शिराळा तालुक्याच्या डोंगरांवरही ते आढळते. मूळ खडक दीर्घकाळ कुजून त्यातील सिलिका व चुना पावसाने वाहून गेला. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे तेवढी मागे राहिली. लोहाचा अंश वाढला तेथे तांबूस-काळे लोहखनिज, ॲल्युमिनियमचा वाढला तेथे फिकट बॉक्साइट. एकाच खडकाची ही दोन रूपे होत.

पहिल्या रूपावर महाबळेश्वरच्या रानातील धावडांचा निर्वाह चाले. मातीच्या भट्टीत कोळसा व खनिज यांचे थर रचून ते भात्याने फुंकीत. या उष्णतेत लोखंड वितळत नसे. मळी निथळून सच्छिद्र गोळा उरे व तो पुनःपुन्हा तापवून घणाखाली शुद्ध करावा लागे. खनिज कमी कसाचे, त्यामुळे बरेचसे लोह मळीतच जाई आणि कोळसा मात्र लोखंडाच्या कित्येक पट जळे. (धावडशी या गावनावाचा संबंध धावडांशी जोडण्याचा मोह होतो, परंतु धावडा हा वृक्षही आहे, हे विसरू नये.)

विलायती लोखंडाच्या स्पर्धेने देशी भट्ट्या विझल्या, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. १८२८ नंतर महाबळेश्वर हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे थंड हवेचे ठिकाण झाले. पुढे १८७८ च्या कायद्याने सरकारी राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली. धावडांच्या पायाखाली खनिज होतेच. हातून गेला तो कोळसा. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली व तेथे लोखंडी नांगर घडू लागले, तेव्हा त्यांसाठी लागणारे बीड बाहेरूनच आणावे लागे.

बॉक्साइटला मोल आले ते १८८६ मध्ये विद्युत्-विच्छेदनाने ॲल्युमिनियम काढण्याची रीत सापडल्यावर. उष्णतारोधक विटा व अपघर्षके यांसाठीही ते लागते. पण खरा खप धातूचाच. भारतातील बॉक्साइटांचा विस्तृत आढावा सिरिल फॉक्स यांनी १९२३ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला. एक टन धातूस सुमारे १५,००० युनिट वीज खर्ची पडते. म्हणून कोयनेची वीज आणि सह्याद्रीचे बॉक्साइट यांची सांगड घालण्याची कल्पना स्वाभाविकच होती. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीपुढे कोरबा व कोयना असे दोन प्रकल्प होते. त्यांपैकी कोरबा उभा राहिला. कोयनेचा कागदावरच राहिला. वीज मुख्यतः मुंबई-पुण्याकडे गेली. कोल्हापूरच्या डोंगरातील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्याकडे वळले.

प्रस्तुत लेखकाच्या मते, खनिजांच्या साठ्यांची कोष्टके मांडून या प्रदेशाचा औद्योगिक इतिहास लिहिणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. दोन्ही वेळी दगड जागेवरच होता. इंधन कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न निर्णायक ठरला. आता त्यात जमिनीच्या वापराचा प्रश्नही मिसळला आहे : २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला, आणि कास, कोयना व चांदोली यांचा २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.