काडतुसाची पुंगळी

बंदुकीची दारू, गोळी व ठिणगी पाडणारी टोपी यांना एकत्र धरून ठेवणारे, सामान्यतः पितळेचे नळकांडे. बार उडताना ते प्रसरण पावून बंदुकीच्या कोठीला घट्ट चिकटते व तप्त वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ते किंचित आकसते व बाहेर ओढून काढता येते. या गुणामुळेच पुंगळी पुन्हा भरता येते. मात्र असे पुनर्भरण कितपत सुरक्षित, हे तिच्या आतील पोकळीच्या घनफळावर बरेच अवलंबून असते.

वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास स्नायडर बंदुकीसाठी पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे काडतूस तयार केले. मार्टिनी-हेन्री बंदुकीची पुंगळीही प्रथम याच पद्धतीची होती. परंतु सुदानच्या मोहिमेत (१८८४-८५) ती कोठीत अडकून फाटू लागल्याने एकसंध ओढीव पितळेच्या पुंगळ्यांचा स्वीकार झाला.

काळ्या दारूच्या काळात घनफळाचा प्रश्न सोपा होता. पुंगळीत मावेल तेवढी दारू भरावयाची व पोकळी ठेवावयाची नाही, एवढाच नियम असे. अमेरिकन सैन्याच्या १८७३ च्या ०·४५ इंची काडतुसात पायदळाच्या बंदुकीसाठी ७० ग्रेन (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.), तर घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी ५५ ग्रेन दारू घालीत व उरलेली जागा डट्ट्यांनी भरून काढीत. पुंगळी हेच जणू माप होते.

१८८४ मध्ये पॉल व्येय या फ्रेंच रसायनज्ञांनी धूरहीन दारू तयार केली आणि हे माप निरुपयोगी ठरले. ब्रिटिशांच्या ०·३०३ इंची काडतुसात १८८८ मध्ये सु. ७० ग्रेन काळी दारू असे. १८९१ नंतर त्याच पुंगळीत सु. ३१ ग्रेन कॉर्डाइट पुरेसे झाले. धूरहीन दारूचा ज्वलनवेग दाबाबरोबर वाढतो. पोकळी थोडी जरी लहान झाली, तरी आरंभीचा दाब वाढतो, त्यामुळे ज्वलन शीघ्र होते व त्यातून दाब आणखी चढतो. म्हणून घनफळातील घट अल्प असली, तरी कमाल दाबातील वाढ त्या प्रमाणात अल्प राहत नाही. एका पुंगळीत निर्धोक असलेले वजन दुसरीत बंदूक फोडू शकते, ते यामुळेच.

अमेरिकेत लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या नेमबाजांच्या हाती येऊ लागल्यावर हा धोका विशेष जाणवला. नाटो राष्ट्रांनी १९५४ मध्ये स्वीकारलेले ७·६२ × ५१ मिमी. काडतूस व त्याच घडणीचे ०·३०८ विंचेस्टर हे नागरी काडतूस यांच्या पुंगळ्या बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात. पण लष्करी पुंगळीच्या भिंती बहुधा अधिक जाड असल्याने आतील जागा कमी भरते. अशा पुंगळीत दारूचे माप प्रथम कमी करून, दाबाची चिन्हे पाहत क्रमाने वाढविण्याचा प्रघात त्यामुळे पडला. घनफळ मोजण्यासाठी उडालेली पुंगळी रिकामी व काठोकाठ पाण्याने भरलेली अशी दोनदा तोलतात; वजनांतील फरक ‘पाण्याचे ग्रेन’ या एककात देतात. रिकाम्या पुंगळीचे नुसते वजन पाहणे सोयीचे खरे, पण जादा धातू भिंतीत आहे की बुडाशी, हे त्यावरून कळत नाही. पितळेची घनता पाण्याच्या सु. साडेआठ पट असल्याने भिंतीतील साडेआठ ग्रेन जादा पितळ एक ग्रेन पाण्याइतकी जागा व्यापते.

पुंगळीच्या धातूविषयीचा एक महत्त्वाचा धडा भारतात मिळाला. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली असता त्यांना चिरा पडत. पागेतील अमोनिया, दमट हवा व ओढकामामुळे पितळेत राहिलेला ताण यांचा हा संयुक्त परिणाम असल्याचे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखविले. मंद उष्णतेने अनुशीतन करून हा ताण घालविता येतो. महाराष्ट्रात खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो.